मराठी मंडळीतला समेट: पाळक, उपासना आणि घर

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळीत दुराव्याचा प्रश्न वंशापेक्षा जातीच्या रूपाने आला. अमेरिकेतला किंवा दक्षिण आफ्रिकेतला पाळक गोऱ्याकाळ्यांच्या समेटाविषयी बोलतो तेव्हा त्याच्यापुढे जे प्रश्न असतात, तेच महाराष्ट्रातल्या पाळकापुढेही असतात. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे एकमेकांच्या घरी जेवायला जातात का? मंडळीच्या पंचांत कोण बसते? मुलामुलींची लग्ने ठरवताना वडीलधारी मंडळी आधी काय विचारतात? इथे कातडीच्या रंगाऐवजी आडनाव, मूळ गाव आणि त्या गावातली वस्ती पाहिली जाते, एवढाच फरक.

हा विषय तीन ठिकाणी पाहावा लागतो: उपासनेत, मंडळीच्या कारभारात आणि घरात. उपासनेत समता लवकर आली, कारभारात ती भांडून मिळवावी लागली आणि घरात ती अजून पुरती आलेली नाही. पाळकाच्या चिंतनात मंडळी आणि कुटुंब हे दोन विषय एकमेकांत मिसळतात ते यामुळेच. पाळकाचे प्रवचन लोक आठवड्यातून एकदा ऐकतात. त्याच्या घरचा व्यवहार मात्र सातही दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. चुलीपाशी कोणाला प्रवेश आहे आणि सोयरीक कोणाशी होते यावरून मंडळी त्याच्या उपदेशाचे मोल ठरवते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा आरंभ १८१३ सालचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे अमेरिकन मराठी मिशन या नावाने ओळखले गेलेले काम सुरू झाले. १८३१ च्या डिसेंबरात या मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि त्यांचे काम शहर, शाळा व वादविवाद यांभोवती वाढले.

या कामातून मंडळीत दोन निरनिराळ्या वाटांनी माणसे आली. एक वाट इंग्रजी शाळेची. तिने आलेले लोक थोडे, शिकलेले, बहुधा ब्राह्मण किंवा इतर वरच्या मानल्या गेलेल्या जातींतले आणि घरातून एकटे बाहेर पडलेले होते. दुसरी वाट गावकुसाबाहेरून आली. नगर, राहुरी, वडाळा, शेवगाव या भागांतल्या महार आणि मांग वस्त्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे तिने आली. पहिल्याने बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्याचे घर तुटे, वारसा जाई, बायको माहेरी नेली जाई. दुसऱ्याचे घर बहुधा टिके, पण बलुते आणि गावकीतले हक्क धोक्यात येत. एकाला शास्त्राचा अभ्यास, लेखणी आणि शहराची ओळख होती. दुसऱ्याला पिढ्यानपिढ्यांचा अपमान ठाऊक होता. हे दोघे एका बाकावर बसले तेव्हा मंडळीच्या समेटाची पहिली कसोटी सुरू झाली.

पहिल्या वाटेची किंमत काय होती हे १८४३ च्या शेषाद्री प्रकरणात दिसते. त्या वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अवघा बारा वर्षांचा, तोही मिशनरींकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. आता त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. एका मुलाने कोणाबरोबर अन्न घेतले एवढ्यावरून सारे शहर ढवळून निघाले, यावरून त्या काळी पंगतीला किती अर्थ होता ते कळते.

नारायण शेषाद्री १८५४ साली दीक्षित पाळक झाले. पुढे त्यांनी जालन्याकडे काम केले आणि निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. त्यांच्या कामातून मंडळीत आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि गावाने सर्वांत खालच्या पायरीवर ठेवलेली माणसे यांचे एकत्र जगणे ही त्या काळातली मोठीच गोष्ट होती. गावाच्या जुन्या मांडणीत दुरुस्ती करत बसण्याऐवजी इथे नवी वसाहतच बांधली गेली. घरे, विहीर आणि उपासनामंदिर या गोष्टी सुरुवातीपासून सर्वांच्या असल्या तर पुढच्या पिढीला वेगळेपण शिकवायला कोणी उरत नाही, हा विचार तिच्यामागे होता.

मिशनरींचे जातीविषयीचे धोरण सगळीकडे आणि नेहमी एकसारखे नव्हते. दक्षिणेत काही जुन्या मंडळ्यांत वेगवेगळ्या जातींचे लोक वेगळे बसत आणि प्रभुभोजनाला वेगळ्या क्रमाने येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातीला थारा नको असा स्पष्ट आदेश काढला. १८५० साली मद्रासच्या मिशनरी परिषदेने तर जेवणालाच कसोटी मानले: जो ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाबरोबर अन्न घ्यायला तयार नाही त्याने जात सोडली असे समजू नये. मराठी मुलखातली मंडळी नवी असल्याने तिने सुरुवातीलाच सहभोजन धरले. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला एकच राहिला. मिशनच्या आवारातही पंगत एक झाली. पण आवाराबाहेर, खेड्यात, महार कुटुंबांतून आलेले ख्रिस्ती आणि मांग कुटुंबांतून आलेले ख्रिस्ती यांच्यातले जुने अंतर कितीतरी ठिकाणी तसेच राहिले. वरच्याने खालच्याला दूर ठेवले की त्याचे पाप सहज दिसते. खालच्यांनी आपसांत धरलेली उतरंड दाखवून देणे पाळकाला त्याहून अवघड जाते, कारण तिथे दोन्ही बाजूंना दुखावलेली माणसे असतात.

पहिल्या पिढीतल्या पाळकांपैकी बाबा पदमनजींनी हा विषय घराच्या बाजूने हाताळला. १८३१ साली बेळगावात जन्मलेले पदमनजी कासार समाजातले होते. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८६७ मध्ये ते दीक्षित पाळक झाले आणि पुण्यात त्यांनी मंडळीची सेवा केली. १८५७ सालचे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ हे मराठीतल्या आरंभीच्या कादंबऱ्यांत गणले जाते. विधवांची दुःखे हा तिचा विषय. जातिभेद आणि बाईचे दास्य एकाच घरात वाढतात, एकाला हात लावायचा तर दुसऱ्यालाही लावावा लागतो, हे तिच्यातून दिसते. १८८८ मधील ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनातली घालमेल आणि घरातला विरोध मांडला. पाळकाने स्वतःच्या घराविषयी मोकळेपणाने लिहिण्याची मराठी परंपरा इथून चालू होते.

या परंपरेचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे टिळक कुटुंब. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हते. त्यानंतरची काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण स्वतःची जात सांभाळून, वेगळे शिजवून, वेगळे पाणी ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. बाप्तिस्मा घेतलेला नवरा आणि सोवळे पाळणारी बायको एका संसारात राहू शकतात, हे त्यांनी आधी स्वतःच्या घरात मान्य केले.

लक्ष्मीबाईंचे सोवळे कुठून आले होते हे ‘स्मृतिचित्रां’त वाचायला मिळते. त्यांच्या वडिलांना शुद्धतेचा असा काही ध्यास लागला होता की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. मीठ धुतल्यावर काय उरते हे सांगायला नको. त्या घरात सारी उठाठेव भीतीपोटी चाले आणि तिचा भार सोसत घरातल्या बायका आणि मुले. अशा घरात वाढलेली मुलगी राहुरीसारख्या गावी येते, सर्व जातींच्या माणसांत वावरते आणि एके दिवशी स्वतःच्याच विचाराने या निष्कर्षाला पोचते की देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या. मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ती ठरवते आणि तसे वागते. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण जातीचा निकाल त्यांनी त्याआधीच लावला होता.

या घटनाक्रमाला पाळकीय विचारात मोठे मोल आहे. मंडळीत येणे आणि जात मनातून जाणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात असे धरून चालता येत नाही. कितीतरी घरांत बाप्तिस्मा आधी झाला आणि जात मागाहून, कधी दोन पिढ्यांनी, निघाली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम उलटा होता. तो घडला कारण नवऱ्याने वाट पाहिली आणि बायकोने स्वतःची बुद्धी वापरली. पुढे टिळकांच्या नगरच्या घरात अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, बालकवी ठोमरे राहिले. स्वयंपाकघरात कोणाची जात काय हे विचारायला जागाच उरली नाही. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकाला पाळकाच्या घराची आतली बाजू प्रथमच इतक्या मोकळ्या भाषेत दिसली.

टिळकांच्या आयुष्यात वंशाचा प्रश्नही उघडपणे आला. १९०४ मध्ये ते पाळक झाले. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले, मंडळीसाठी भजने आणि गीते लिहिली. ‘उपासना संगीता’त त्यांची गीते आजही मोठ्या संख्येने गायली जातात. पण परदेशी मिशन पगार देते, नेमणूक करते आणि एतद्देशीय पाळक हिशेब देतो ही व्यवस्था त्यांना बोचत होती. पैशाची आणि अधिकाराची किल्ली एकाच रंगाच्या हातात असताना बंधुभाव पुरा होत नाही, हे त्यांना दिसत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार पुढे फार वाढला नाही. मात्र मराठी माणसाची मंडळी मराठी माणसाने चालवावी हा विचार त्यानंतर मागे पडला नाही.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी त्या विचाराला गोऱ्या बाजूने उत्तर दिले. १९२२ मध्ये त्यांनी अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला आणि काही वर्षांनी त्याचा आश्रम पुण्यात आला. इंग्रज आणि भारतीय तिथे बरोबरीने राहत, खादी वापरत, जमिनीवर बसून जेवत. राज्यकर्ता साहेब आणि त्याचा प्रजाजन एका पंगतीत बसतात ही त्या काळात राजकीय घटनाही होती. १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हे इंग्रज तरुण याच संघात आले. तिथे त्यांची मैत्री शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी झाली. १९३२ मध्ये दोघे मिळून मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये राहायला गेले आणि ही सोबत अनेक वर्षे टिकली. शामरावांचे बंधू डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उभे केले. समेटाचा विचार करताना सभा आणि ठराव आठवतात, पण ही दोन उदाहरणे वेगळ्या प्रकारची आहेत: एका घरात, एका कामात काढलेली वर्षे आणि सर्वांना खुली असलेली संस्था.

जात आणि वंश यांची तुलना मराठी वाचकाला नवी नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ मधील त्यांच्या प्रवासवर्णनात तिथल्या समाजाची स्तुती आहे आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या निरनिराळ्या जातींच्या मुली आणि विधवा एका छताखाली आल्या. रमाबाईंचे स्वतःचे लग्नही जातीबाहेरचे होते आणि इंग्लंडमधल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांचा धार्मिक अधिकार त्यांनी डोळे मिटून मानला नाही.

उलट दिशेनेही हा धागा आला. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. क्षणभर वाईट वाटले, मग ते खरेच आहे हे पटले, असे त्यांनी पुढे आपल्या प्रवचनात सांगितले. दक्षिण आफ्रिकेची कथा मंडळीला आणखी जवळची आहे. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनॉडने काही सभासदांच्या ‘दुबळेपणा’पोटी गोऱ्यांना आणि इतरांना वेगळी उपासना ठेवण्यास मुभा दिली. तात्पुरती म्हणून दिलेली ही सवलत पुढे वेगवेगळ्या चर्चमध्ये आणि अखेर वर्णभेदाच्या समर्थनात रुजली. १९८२ मध्ये तयार झालेल्या आणि १९८६ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या बेल्हार कबुलीने मंडळीची फाळणी हा सुवार्तेशी द्रोह आहे असे ठरवले. थोड्या लोकांच्या सोयीसाठी केलेली तडजोड शंभर वर्षे कशी पुरते, याचा हा धडा मराठी मंडळीलाही लागू आहे.

मंडळीने स्वतःला बरे म्हणवून घेण्याआधी तिच्यावरची टीका नीट वाचायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी सविस्तर लिहिले, जरी त्यातले पुष्कळ लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. धर्मांतरानंतरही जात टिकते आणि मिशनरींनी तिच्याविरुद्ध पुरेसा लढा दिला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मंडळीच्या आतून याला उत्तर द्यायला बराच काळ गेला. १९८१ मध्ये बंगळुरात जालन्याकडचे मराठी पाळक आणि ईशज्ञानाचे (थिऑलॉजीचे) प्राध्यापक अरविंद पी. निर्मळ यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मांडणी केली. त्यातूनच दलित ईशज्ञान ही शाखा आकाराला आली. भारतातल्या ख्रिस्ती लोकांत बहुसंख्य दलित असताना ईशज्ञान मात्र वेद-उपनिषदांशी संवाद करण्यात गुंतले आहे, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या विचारात कुटुंबाला मानाची जागा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाचे नाव घेऊन देवापुढे उभा राहतो. निर्मळांनी त्याच पद्धतीने गावकुसाबाहेरच्या आपल्या दलित पूर्वजांची आठवण कबुलीत आणली. आजोबांची जात लपवून समेट होत नाही, ती सांगता आली पाहिजे आणि सांगितल्यावर मान कमी होता कामा नये, हा त्याचा अर्थ.

पूर्वजांची जात सांगणे कायद्यानेही अवघड करून ठेवले आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हा दर्जा आरंभी मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली आणि २०२२ मध्ये केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. मंडळीच्या जीवनात याचा परिणाम थेट होतो. शाळेचा दाखला एक सांगतो, बाप्तिस्म्याची वही दुसरे. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आईबाप पाळकाकडे येतात तेव्हा त्यांच्या मनात श्रद्धा आणि पोट यांची ओढाताण चाललेली असते. अशा घराला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्यावर ही वेळ कोणत्या व्यवस्थेने आणली हे समजून घेणे हे पाळकाचे काम.

कॅथलिक समाजातही हा प्रश्न आहे, पण त्याचा घाट वेगळा. तिथे सोळाव्या शतकापासून गावेच्या गावे ख्रिस्ती झाली आणि जुने समाजगट बरोबर आले. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे गट आपापली बोली, पेहराव आणि सोयरिकीचे वर्तुळ राखून राहिले. गोव्यात बामण, चार्डो, सुदिर हे भेद कॅथलिक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालले आणि काही ठिकाणी चर्चच्या कन्फ्रारींतल्या (धर्मबंधूंच्या संघांतल्या) मानपानातही उतरले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून चर्चला मराठी समाजाच्या प्रश्नांशी जोडले. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूने मंडळीच्या भिंतीबाहेर पाहावे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा प्रोटेस्टंट पाळकालाही उपयोगी आहे.

नवी मुंबईत या साऱ्या वाटा एकत्र येतात. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. म्हणजे खाडीपलीकडचे नवे शहर आणि एकत्र आलेली नवी मंडळी समवयस्क आहेत. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, खारघर अशी उपनगरे उभी राहिली. १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली आणि वस्ती झपाट्याने वाढली. नगर, जालना, सोलापूर, पुणे इथून नोकरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे मुंबईच्या चाळींतून इथे राहायला आली. त्यांच्या शेजारी मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तमिळ आणि ईशान्येकडचे ख्रिस्ती आले.

या शहराच्या आराखड्यात गावकूस नाही. सिडकोने घरे उत्पन्नगटाप्रमाणे बांधली, महारवाडा-मांगवाडा अशी नाही. एका जिन्यात तीन जिल्ह्यांची आणि चार भाषांची कुटुंबे राहतात. गावात ज्यांच्या आजोबांची विहीर वेगळी होती त्यांच्या नातवांच्या नळाला एकाच टाकीचे पाणी येते. शतकभर पाळकांनी उपदेशातून जे मागितले त्यातले पुष्कळ इथे नगररचनेने देऊन टाकले. म्हणूनच इथल्या मंडळीत जे अंतर उरले आहे ते अधिक स्पष्ट दिसते. त्याचे खापर गावावर फोडता येत नाही.

ते अंतर तीन ठिकाणी दिसते. पहिले भाषेचे. एकाच मंदिरात मराठीची उपासना सकाळी, इंग्रजीची किंवा हिंदीची नंतर अशी वेळ वाटून घेतली की दोन मंडळ्या वर्षानुवर्षे फाटकात एकमेकींना ओलांडून जातात. इंग्रजी शाळेत शिकलेली मुले मराठी उपासनेपासून दूर होतात आणि आजीची गीते नातवाला परकी वाटू लागतात. हा दुरावा घराच्या आतला, म्हणून जास्त दुखणारा. दुसरे अंतर वर्गाचे. फ्लॅटमधले कुटुंब आणि बांधकामावर काम करणारे किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला जाणारे कुटुंब एका बाकावर बसते, पण पंचांच्या निवडणुकीत नावे बहुधा पहिल्याचीच येतात. तिसरे अंतर भूमिपुत्रांशी. मंडळी ज्या जमिनीवर जमते ती आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांचे प्राण गेले. समेटाची भाषा बोलणाऱ्या मंडळीने शेजाऱ्याचा हा इतिहास ओळखणे हे तिच्या साक्षीचाच भाग आहे.

या तिन्हींच्या तळाशी लग्नाचा प्रश्न आहे. ख्रिस्ती विवाहाआधी मंडळीसमोर सूचना वाचली जाते आणि कोणाची हरकत असल्यास ती कळवायला सांगितले जाते. त्या वेळी जातीची हरकत कोणी उठून सांगत नाही. ती त्याआधीच, दिवाणखान्यात, ‘स्थळ आपल्यातलं आहे ना’ या चार शब्दांत निकालात निघालेली असते. आडनाव ऐकून गाव विचारले जाते, गाव ऐकून आजोबांचे नाव विचारले जाते, आणि चहा संपण्याआधी उत्तर ठरते. प्रेमाने लग्न ठरवलेली मुले पाळकाकडे येतात तेव्हा दोन्ही घरे प्रार्थना करणारी, दोन्ही घरांत पवित्र शास्त्र उघडे, आणि तरी बोलणे थांबलेले असते. समेटाची सेवा पाळकाच्या वाट्याला येते ती अशा संध्याकाळी. दोन्ही आईबापांना वेगवेगळे भेटणे, भीती बोलून दाखवू देणे, घाई न करणे आणि तरीही मुलांच्या बाजूने स्पष्ट उभे राहणे, हे त्याला साधावे लागते. टिळकांनी घरात दाखवलेला धीर आणि मद्रास परिषदेने दाखवलेली स्पष्टता, दोन्ही इथे लागतात.

पाळकाच्या कुटुंबावर याचा वेगळाच ताण असतो. बदली झाली की घर, शाळा, शेजार बदलतो. पाळकबाईंनी कोणाच्या घरी आधी भेट दिली, कोणाकडचा डबा घेतला, याची मंडळीत नोंद होते. मुलांकडून आदर्श वर्तनाची अपेक्षा असते आणि त्यांच्या लग्नांकडे तर सर्वांचेच लक्ष असते. पाळकाच्या घरातला एक आंतरजातीय विवाह दहा प्रवचनांचे काम करतो. तिथली एक टाळाटाळ ती दहाही प्रवचने पुसून टाकते. या ओझ्याखाली घर दबू नये म्हणून मंडळीनेही पाळकाच्या कुटुंबाला चुकण्याची आणि शिकण्याची मोकळीक द्यायला हवी. पाळकांच्या पत्नींनी आणि मुलींनी आपला अनुभव लिहावा ही गरज मोठी आहे. लक्ष्मीबाईंनंतर हा आवाज क्वचितच इतक्या ताकदीने ऐकू आला.

पाळकांचे मराठी लेखन आत्मचरित्र, प्रवचन, पत्र, गीत आणि ‘ज्ञानोदया’तले लेख अशा अनेक रूपांत विखुरलेले आहे. ते वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. लेखक समतेविषयी बोलताना कोणत्या ठिकाणाविषयी बोलतो: वेदीच्या, कचेरीच्या की चुलीच्या? तो कोणाच्या दुःखाला आधी जागा देतो: मान गमावलेल्याच्या, की ज्याला मान कधी मिळालाच नाही त्याच्या? आणि ज्या समेटाची तो मागणी करतो त्याची किंमत कोणी मोजायची आहे? आजवर ती बहुतेक वेळा दुर्बळाने मोजली. मागचे विसरून जा, असे त्यालाच सांगण्यात आले. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. तिथे चालत जाण्याचे काम ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला दिले आहे. मराठी मंडळीत ज्याचे कुटुंब वरच्या पायरीवर होते, ज्याच्या हाती पंचांचा कारभार आहे, ज्याच्या घरी मुलीला मागणी आली आहे, त्याने पहिले पाऊल टाकायचे आहे.